मिठातला क्लोरीन, दहा अँगस्ट्रॉमचा बोगदा आणि एक लायसिन

केशरमाती:

मी सातारा जिल्ह्यातली. घरी आल्याचं पीक. पावसाळ्यात वाफ्यांत पाणी थांबलं की कंदकुजीची धास्ती, म्हणून बाबा दर हंगामात ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि स्युडोमोनास हा जिवाणू यांची आळवणी करतात. पांढरी, बोटांना टाल्कम पावडरीसारखी लागणारी भुकटी. टाकीत ओतून काठीनं ढवळायची आणि रोपांच्या बुडाशी सोडायची. शाळेत असताना ते ढवळायचं काम माझ्याकडे असायचं.

पुढं रसायनशास्त्रात संशोधन करताना मला एका इंडोलच्या सातव्या जागी क्लोरीन हवा होता. इंडोल म्हणजे सहाचं आणि पाचाचं कडं एकमेकांना चिकटलेलं. त्यातली पाचाच्या कड्यावरची दुसरी आणि तिसरी जागा क्लोरीनला आयती सापडते. सातवी जागा सहाच्या कड्यावर, नायट्रोजनच्या पलीकडे. तिथं तो आपणहून जात नाही. मी बर्फात फ्लास्क ठेवून एन-क्लोरोसक्सिनिमाइड हा क्लोरीन देणारा पदार्थ चिमूटचिमूट घालत होते. तासाभरानं टीएलसीची (मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणारी) पट्टी दिव्याखाली धरली तर एकाखाली एक पाच ठिपके. तीन दिवस कॉलम चालवला. वेगळं काढलेलं एकही संयुग मला हवं ते निघालं नाही.

त्याच आठवड्यात वाचनात आलं की स्युडोमोनास फ्लोरेसेन्सकडे प्रिन-ए (PrnA हे नाव मी असंच लिहीन) नावाचं विकर आहे. ते ट्रिप्टोफॅन (पोटात इंडोल असलेलं अमिनो आम्ल) घेतं, आपल्या मिठात असतो तसा साधा क्लोराइड घेतं आणि बरोब्बर सातव्या जागी क्लोरीन बसवतं. पाण्यात, खोलीच्या तापमानाला, एकच पदार्थ. बाबांच्या टाकीतल्या जिवाणूच्याच जातकुळीतलं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हा धागा.

क्लोराइड आयन अगदी समाधानी असतो. इलेक्ट्रॉनचं आठांचं कवच भरलेलं, कुणाकडून काही नको. जेवणात रोज मीठ घेतो तरी आपल्या प्रथिनांवर क्लोरीन चिकटत नाही, ते त्यामुळेच. त्याला कार्बनला जोडायचं तर आधी त्याची वृत्ती बदलावी लागते. एक तर दोन इलेक्ट्रॉन काढून त्याला इलेक्ट्रॉनचा भुकेला करायचा, नाही तर एक काढून मूलक (एकटा इलेक्ट्रॉन उरलेला) करायचा, नाही तर आहे तसाच ठेवून त्याच्यापुढे असा कार्बन आणायचा की त्याला हल्ला करणं भाग पडेल. निसर्गानं तिन्ही वाटा वापरल्या आहेत. पण माझ्या मते खरी कसोटी त्यानंतरची आहे. भुकेला झालेला क्लोरीन समोर येईल ते खातो. त्याला आवरायचं कसं?

प्रिन-ए सापडायला इतका उशीर का झाला, हेही सांगण्यासारखं आहे. १९६०च्या आसपास लोवेल हेगर यांच्या गटानं कॅल्डॅरिओमायसिस फ्युमॅगो या बुरशीतून क्लोरोपेरॉक्सिडेझ वेगळं केलं. आपल्या रक्तातल्या हीमसारखाच हीम (लोह धरणारं कडं), पण लोहाला खालून सिस्टीनच्या गंधकानं धरलेलं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड दिला की ते हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. ते तपासायला मोनोक्लोरोडायमेडॉन नावाचा पदार्थ वापरत. हॅलोजन जोडला की त्याचं प्रकाशशोषण उतरतं. चाचणी सोपी, म्हणून पुढं सगळ्यांनी तीच वापरली.

पण त्या पदार्थाला मोकळं हायपोक्लोरस आम्ल किंवा हायपोब्रोमस आम्ल मिळालं की झालं, विकराच्या आत शिरायची गरजच नाही. म्हणजे चाचणीत पास होणार कोण, तर मोकाट हॅलोजन बाहेर सोडणारी विकरं. जे विकर आपला क्लोरीन घट्ट आत ठेवून फक्त ट्रिप्टोफॅनलाच देतं, ते नापास. स्युडोमोनास आणि स्ट्रेप्टोमायसिसमधून या चाचणीनं जी 'ब्रोमोपेरॉक्सिडेझं' सापडली, ती पुढं हायड्रोलेझ कुळातली निघाली. जिवाणूत त्यांचं जनुक मोडून पाहिलं, तरी क्लोरीनवालं प्रतिजैविक व्यवस्थित तयार होत राहिलं. कितीतरी वर्षं भलत्याच विकराच्या मागे लोक होते.

वाट सापडली ती जनुकांकडून. १९९५मध्ये क्लोरटेट्रासायक्लिनच्या जनुकसमूहात, आणि १९९७च्या सुमारास पायरोलनायट्रिनच्या चार जनुकांत, प्रिन-ए ते प्रिन-डी. पायरोलनायट्रिन हे स्युडोमोनासचं बुरशीनाशक. त्याची सुरुवात ट्रिप्टोफॅनपासून होते आणि पहिलीच पायरी म्हणजे सातव्या जागी क्लोरीन. कार्ल-हाइन्झ फान पे यांच्या गटानं २०००मध्ये ही पायरी परीक्षानळीत करून दाखवली. त्यात पेरॉक्साइड लागलंच नाही. लागलं ते एफएडी, म्हणजे ब जीवनसत्त्वातल्या रायबोफ्लेविनपासून बनणारा सहघटक. त्यालाच पुढं फ्लेविन म्हणेन.

२००५मध्ये चांगजिआंग डाँग, जिम नेस्मिथ आणि फान पे यांनी त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. रचनेत फ्लेविन एका टोकाला, ट्रिप्टोफॅन दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये साधारण दहा अँगस्ट्रॉम अंतर. एक नॅनोमीटर. रसायनशास्त्रात जिथं बंध व्हायचा तिथं अणू दीड-दोन अँगस्ट्रॉमवर यावे लागतात. हे दोघं एकमेकांना शिवूही शकत नाहीत. त्यांच्यामध्ये प्रथिनातून गेलेला एक अरुंद बोगदा आहे, आणि त्या बोगद्याच्या ट्रिप्टोफॅनकडच्या तोंडाशी एक लायसिन हे अमिनो आम्ल उभं आहे. प्रथिनाच्या साखळीतला क्रमांक ७९.

त्या लायसिनबद्दल पुढं लिहीन. कुणाला मध्ये काही विचारायचं असेल तर विचारा.

——

रानपाखरू:

वाचतेय. चाचणीनंच चुकीचा आरोपी पकडून दिला हा भाग दोनदा वाचला. लायसिनची वाट बघतेय.

——

बीएस्सीची_वही:

ताई, एक शंका. क्लोराइडचे दोन इलेक्ट्रॉन काढायचे म्हणता, पण एफएडी तर आधी क्षपण होऊन येतं ना? म्हणजे त्याच्याकडे जास्तीचे इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉन असणारा इलेक्ट्रॉन कसा काढेल? आमच्या सरांनी एवढंच सांगितलं की 'ऑक्सिजन लागतो'.

——

केशरमाती:

@बीएस्सीची_वही, शंका अगदी योग्य जागी आहे. हिशेब मांडून बघ.

शेजारचं एक वेगळं विकर, फ्लेविन रिडक्टेझ, एनएडीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉनवाहकाकडून दोन इलेक्ट्रॉन घेऊन एफएडीएच-दोन तयार करतं. ते हॅलोजनेझच्या, म्हणजे प्रिन-एसारख्या हॅलोजन बसवणाऱ्या विकराच्या, खोबणीत येऊन बसतं. आता हवेतला ऑक्सिजन येतो. ऑक्सिजनच्या रेणूला पाणी व्हायला एकूण चार इलेक्ट्रॉन लागतात. फ्लेविननं दोन दिले की तो अर्ध्या वाटेवर येतो, आणि फ्लेविनच्या ४-ए कार्बनवर पेरॉक्साइड होऊन लटकतो, म्हणजे कार्बन-ओ-ओ-एच. दोन ऑक्सिजनमधला बंध कमजोर, तोडायला सोपा. त्याला अजून दोन इलेक्ट्रॉन हवेत. ते कोण देणार? शेजारी बसलेला क्लोराइड. तो टोकाच्या ऑक्सिजनवर हल्ला करतो, बंध तुटतो, आणि टोकाचा ओएच क्लोरीनसकट सुटतो. एचओसीएल, हायपोक्लोरस आम्ल. फ्लेविनकडे उरलेला ओएच पुढं पाणी होऊन जातो आणि एफएडी परत मोकळं होतं.

म्हणजे एनएडीएचचे दोन अधिक क्लोराइडचे दोन, मिळून ऑक्सिजनचे चार. फ्लेविननं ऑक्सिजनला निम्मं कर्ज दिलं, उरलेलं निम्मं फेडायला क्लोराइडला लावलं. इथपर्यंतची पायरी आपल्या यकृतातल्या काही मोनोऑक्सिजनेझांसारखीच आहे. तिथं तो ओएच थेट रेणूवर बसतो. इथं फ्लेविनपासून रेणू लांब ठेवला आहे, म्हणून आधी क्लोराइडला संधी मिळते.

——

निवृत्त_मास्तर:

मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. धागा मनापासून आवडला. पण एक गोष्ट पटत नाही. एचओसीएल तयार झालं आणि बोगद्यातून सरकलं, इथवर ठीक. बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते मोकळंच आहे की. मग तुमच्या फ्लास्कमध्ये आणि विकराच्या पोटात फरक काय उरला? मोकळ्या एचओसीएलला सर्वांत आधी ट्रिप्टोफॅनची दुसरी जागा दिसायला हवी. शिवाय बोगद्याच्या भिंतीही अमिनो आम्लांच्याच. त्या कशा वाचतात?

——

केशरमाती:

मास्तर, नमस्कार. नेमक्या या प्रश्नाचं उत्तर म्हणजे लायसिन ७९.

आधी ट्रिप्टोफॅन कसं बसलंय ते बघा. प्रिन-एमध्ये इंडोलचं चपटं कडं तीन सुगंधी कड्यांमध्ये सँडविचसारखं दाबून धरलेलं आहे. फेनिलअलानिन १०३, हिस्टिडिन १०१ आणि ट्रिप्टोफॅन ४५५. त्याला वळायला जागाच नाही. आणि बोगद्याच्या तोंडाकडे त्याचा एकच कार्बन आहे, सातवा. दुसरी जागा कितीही उत्सुक असली तरी ती आत, भिंतीकडे आहे. माझ्या फ्लास्कमध्ये रेणू गरागरा फिरत होता, सगळ्या बाजू उघड्या होत्या.

आता एचओसीएल तोंडाशी येतं तिथं लायसिनचं अमिनो टोक आहे. लायसिन काढून अलानिन घातलं की विकर ठार बंद पडतं. म्हणजे नुसतं एचओसीएल पोचून भागत नाही, लायसिननं ते हातात घ्यावंच लागतं. कसं घेतं, यावर दोन मतं आहेत. रचना सोडवणाऱ्या गटाचं म्हणणं होतं की लायसिन हायड्रोजन बंधानं एचओसीएलला धरतं, नेमकं सातव्या कार्बनसमोर आणतं आणि त्याची धार वाढवतं. क्रिस्टोफर वॉल्श यांच्या गटानं रेब-एच या भावंड विकरावर काम केलं. हे रिबेकामायसिन बनवणाऱ्या जिवाणूतलं, तेही सातव्याच जागेवर काम करणारं. त्यांचं म्हणणं, क्लोरीन लायसिनच्या नायट्रोजनला खरोखर जोडला जातो. क्लोरामाइन बनतं.

त्यांचा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी ट्रिप्टोफॅन दिलंच नाही. फ्लेविन, ऑक्सिजन आणि किरणोत्सारी क्लोराइड देऊन विकराला काम करू दिलं, मग गाळणस्तंभातून फ्लेविनसकट सगळे छोटे रेणू काढून टाकले. उरलं नुसतं प्रथिन. क्लोरीन प्रथिनावरच होता. त्यात ट्रिप्टोफॅन घातलं, आणि क्लोरोट्रिप्टोफॅन मिळालं. म्हणजे विकरानं क्लोरीन खिशात ठेवला होता. आणि तो खिशात किती टिकतो? २५ अंश सेल्सिअसला अर्धायुष्य साधारण २८ तास.

मास्तर, तुमच्या शंकेचं उत्तर मला इथं दिसतं. क्लोरामाइन हे हायपोक्लोरस आम्लापेक्षा पुष्कळ मवाळ. भिंतींना ते त्रास देत नाही. समोरच्या ग्लुटामेट ३४६च्या शेजारात, एका ठरलेल्या कार्बनसमोर आलं तरच ते क्लोरीन सोडतं. क्लोरीन कार्बनवर चढल्यावर तिथला हायड्रोजन निघून जायला मदत होते तीही या ग्लुटामेटचीच. ते बदललं तर विकर चालतं, पण फारच रेंगाळतं.

मी क्लोरामाइनच्या बाजूची आहे. पण क्लोरामाइन तयार होतं हे दाखवणं वेगळं आणि रोजच्या फेऱ्यात तेच वापरलं जातं हे दाखवणं वेगळं, एवढं मान्य करायला हवं.

——

निवृत्त_मास्तर:

पटलं. विशेषतः मवाळ करून देण्याची कल्पना. पोहण्याच्या तलावात जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो क्लोरीनचा नसून क्लोरामाइनांचा, हे मी मुलांना सांगायचो. तोच बंध इथं कामाला लावलेला बघून बरं वाटलं.

——

स्टेथोवाली:

डॉक्टरच्या खुर्चीतून दोन गोष्टी. जखमेतला पू हिरवट का दिसतो? पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेझमुळे. त्याचा हीम हिरवा असतो. १९४१मध्ये शेल आग्नर यांनी ते पुवापासूनच वेगळं केलं आणि नाव दिलं व्हर्डोपेरॉक्सिडेझ, म्हणजे हिरवं पेरॉक्सिडेझ. आपली न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळते, त्या पिशवीत पेरॉक्साइड सोडते, आणि हे विकर क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल करतं. फरशी पुसायच्या ब्लीचमधला क्रियाशील पदार्थ तोच.

दुसरं, थायरॉइड. थायरॉक्सिनच्या रेणूवर चार आयोडीन. ते बसवतं थायरॉइड पेरॉक्सिडेझ, थायरोग्लोब्युलिन या मोठ्या प्रथिनातल्या टायरोसिनांवर. थायरॉइड वाढलेल्या रुग्णाला आम्ही कार्बिमॅझोल देतो, ते शरीरात मेथिमॅझोल होऊन याच विकराला अडवतं. म्हणजे माझ्या ओपीडीत रोज हॅलोजन बसवणाऱ्या विकराला लगाम घालण्याच्या गोळ्या लिहिल्या जातात. गोळी सुरू केल्यावर लगेच गुण का येत नाही, असं रुग्ण विचारतात. आधी तयार होऊन साठलेला हार्मोन संपेपर्यंत काही आठवडे जातात. विकर आज अडलं तरी कोठार भरलेलं असतं.

केशरमाती, तुमच्या प्रिन-एमध्ये आणि मायलोपेरॉक्सिडेझमध्ये रसायन तेच ना?

——

केशरमाती:

रसायन तेच, आणि म्हणूनच तुलना मोलाची. दोन्हीकडे हायपोक्लोरस आम्ल. न्यूट्रोफिलला ते जंतूवर ओतायचं आहे, निवड नकोच आहे, म्हणून तिथं बोगदा नाही, लायसिन नाही. प्रिन-एला त्याच आम्लाचा एकेक थेंब एकाच खिळ्यावर टाकायचा आहे. आयोडीनचं तर आणखी सोपं, आयोडाइडचे इलेक्ट्रॉन क्लोराइडच्या मानानं सहज निघतात.

या काटेकोरपणाची किंमत वेगात मोजावी लागते. ही फ्लेविनवाली हॅलोजनेझं फार संथ. मिनिटाला एखाददुसरा रेणू, काही तर त्याहूनही कमी.

——

खाडीकाठ:

रत्नागिरीचा. आमच्याकडे म्हणतात की समुद्राच्या कोळंबीची चव तळ्यातल्या कोळंबीला येत नाही. मी हे खाणाऱ्यांचं प्रेम समजत होतो. एकदा कुठं तरी वाचलं की त्यात ब्रोमीनचा हात आहे. धाग्याशी संबंध आहे का?

——

केशरमाती:

@खाडीकाठ, अगदी थेट संबंध आहे. समुद्री कोळंबीत आणि माशात ब्रोमोफिनॉल असतात, अत्यल्प प्रमाणात, आणि ती आयोडीनसारखी 'दर्याची' चव त्यांच्यामुळे येते. गोड्या पाण्यातल्या जातींत ती जवळजवळ नसतात. कोळंबी ती स्वतः तयार करत नाही. समुद्री शेवाळं आणि तळाच्या वाळूतले किडे ती बनवतात, आणि खाण्यातून ती वर चढतात.

शेवाळांमध्ये हे काम बहुतेक व्हॅनेडियमवाली ब्रोमोपेरॉक्सिडेझं करतात. पहिलं सापडलं ॲस्कोफायलम नोडोसम या उत्तर अटलांटिकच्या तपकिरी शेवाळात, १९८०च्या दशकात. व्हॅनेडियम इथं फक्त एका हिस्टिडिनला बांधलेलं असतं, भोवतीनं लायसिन-आर्जिनिनांची धनभारित कुंपणं. पेरॉक्साइड येऊन त्याच्यावर बसतं, व्हॅनेडियम त्याला ताणून धरतं, आणि ब्रोमाइड येऊन त्याचा ऑक्सिजन पळवतो. पूर्ण फेऱ्यात व्हॅनेडियम पाच-धनच राहतं, स्वतः इलेक्ट्रॉन घेत-देत नाही. म्हणून हे विकर हीमवाल्यांसारखं स्वतःच्याच पदार्थानं भाजून निघत नाही, तासन्‌तास टिकतं. अशाच, एका बुरशीतल्या व्हॅनेडियमवाल्या क्लोरोपेरॉक्सिडेझची रचना १९९६मध्ये आली, तेव्हा दिसलं की त्या खोबणीची बांधणी फॉस्फेट तोडणाऱ्या विकरांसारखी आहे. व्हॅनेडेट आणि फॉस्फेट आकारानं सारखे, त्यामुळे घडण जुनी, काम नवं.

——

खाडीकाठ:

आता बाजारात गेल्यावर हे आठवणार. वाळूतल्या किड्यापासून ताटापर्यंत.

——

राईनकाठी:

पुण्याचा, सध्या जर्मनीत, विकरांच्या रचनांवर काम करतो. केशरमातीनं एका वाटेवर इतका वेळ दिला हे योग्यच आहे, पण मला दुसऱ्या, मूलकाच्या वाटेची बाजू मांडायची आहे, कारण माझ्या मते ती जास्त अवघड आहे.

सुगंधी कड्याकडे इलेक्ट्रॉन भरपूर, म्हणून तिथं भुकेला क्लोरीन चालतो. पण साखळीच्या टोकाच्या मिथाइल गटाकडे देण्यासारखं काही नसतं. हायपोक्लोरस आम्ल त्याच्याकडे बघतही नाही. झाडांवर रोग आणणारा स्युडोमोनास सिरिंगी मात्र थ्रिओनिनच्या मिथाइलवर क्लोरीन बसवतो. विकराचं नाव सिर-बी-२. ते लोहावर चालतं, त्यात हीम नाही.

या कुळातली सगळी विकरं मुळात ओएच बसवणारी. त्यांच्यात लोहाला तीन हात धरतात, दोन हिस्टिडिन आणि एक ॲस्पार्टेट किंवा ग्लुटामेट. २००६मध्ये वॉल्श आणि कॅथरिन ड्रेनन यांच्या गटांनी सिर-बी-२ची रचना काढली. त्यात तिसरा हात नाही. ॲस्पार्टेटच्या जागी अलानिन, ज्याला धरायला काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत क्लोराइड थेट लोहाला चिकटून बसलेला. इतकं साधं. एक कार्बोक्झिल गट काढला आणि क्लोराइडसाठी खुर्ची झाली.

पुढं अल्फा-कीटोग्लुटरेट आणि ऑक्सिजन येतात, कार्बन डायऑक्साइड आणि सक्सिनेट होतं, आणि लोह चार-धन होऊन ऑक्सिजनला दुहेरी बंधानं धरतं. हा लोह-ऑक्सिजन गट, म्हणजे फेरिल, मिथाइलचा हायड्रोजन उपटतो. आता कार्बनवर एक एकटा इलेक्ट्रॉन आहे आणि समोर लोहावर दोघं आहेत, एक क्लोरीन आणि एक ओएच. कोण जाणार?

——

बीएस्सीची_वही:

ओएच जायला हवा ना? बाकीच्या भावंडांत तोच जातो.

——

राईनकाठी:

तोच तर पेच. २००९मध्ये क्रेब्स आणि बोलिंजर यांच्या प्रयोगशाळेनं यावर सुंदर काम केलं. थ्रिओनिनच्या जागी एक कार्बनानं लांब साखळी असलेलं अमिनो आम्ल दिलं, तर ओएच बसायला लागला. म्हणजे रसायनानं क्लोरीनला झुकतं माप दिलं आहे असं नाही. जागेनं दिलं आहे. थ्रिओनिनचा मिथाइल क्लोरीनजवळ आणि ऑक्सिजनपासून किंचित दूर, असा धरलेला असतो. त्यामुळे हायड्रोजन उपटायला वेळ लागतो, वेग पडतो, पण नंतर मूलकाला क्लोरीन आधी सापडतो.

आणि थ्रिओनिन मोकळं येत नाही. सिर-बी-१ नावाच्या वाहक प्रथिनाच्या लांब हातावर टांगून आत घातलं जातं. म्हणून किती खोल जायचं ते त्या हाताच्या लांबीनं ठरतं. पुढं मोकळ्या रेणूवर काम करणारी भावंडंही सापडली, २०१४मध्ये वेल-ओ-५ आणि २०१९मध्ये लायसिनवर काम करणारं बेस-डी.

——

केशरमाती:

@राईनकाठी, हे मांडलंत फार बरं झालं. 'किंचित दूर धरणं' हेच प्रिन-एमध्येही आहे, नाही का? तिथं फ्लेविन दहा अँगस्ट्रॉम दूर, इथं ऑक्सिजन थोडासा दूर. ओएच बसण्याचा मोह अंतरानं टाळलेला.

एक विचारते. सिर-बी-२मध्ये अलानिनच्या जागी परत ॲस्पार्टेट घातलं तर ते ओएच बसवू लागतं का?

——

राईनकाठी:

नाही, ते बंदच पडतं. उलट दिशेनं मात्र एकदा जमलं आहे. सॅड-ए नावाच्या ओएच बसवणाऱ्या विकरातलं ॲस्पार्टेट काढून ग्लायसिन घातलं, तर ते क्लोरीन बसवू लागलं. पण थोडं क्लोरीन आणि थोडा ओएच, असं मिश्र. खुर्ची रिकामी करणं पुरत नाही, समोरचा रेणूही नीट बसवावा लागतो.

तुमच्या बाजूला पण असंच झालं आहे. ट्रिप्टोफॅनच्या सहाव्या जागी काम करणाऱ्या थाल या विकरात पाच अमिनो आम्लं बदलून २०१९मध्ये त्याला सातव्या जागेवर आणलं. रेणू खोबणीत उलटा फिरला, बस.

——

निवृत्त_मास्तर:

मग फ्लोरीनचं काय? त्याचे इलेक्ट्रॉन काढणं पेरॉक्साइडच्या आवाक्याबाहेरचं. तो सर्वांत अधिक ऋणविद्युत. तिन्ही वाटांपैकी पहिल्या दोन बंद.

——

केशरमाती:

बरोबर, मास्तर. म्हणून पृथ्वीच्या कवचात हॅलोजनांपैकी फ्लोरीनच सर्वांत जास्त असूनही फ्लोरीन असलेले नैसर्गिक सेंद्रिय रेणू हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्याच्यासाठी तिसरी वाट, म्हणजे आयन आहे तसा ठेवून हल्ला करायला लावणं.

डेव्हिड ओहेगन यांच्या गटानं २००२मध्ये स्कॉटलंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिस कॅटलियामधलं फ्लोरिनेझ शोधलं. ते एस-ॲडेनोसिल मेथायोनिन घेतं. त्यात गंधकावर धनभार असतो, त्यामुळे शेजारचा कार्बन सोडून द्यायला तो तयारच असतो. फ्लोराइड मागच्या बाजूनं येतो, मेथायोनिन पुढून सुटतं, फ्लोरोडीऑक्सिॲडेनोसिन तयार.

अडचण पाण्याची. पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट बिलगतात की तो हल्ला करण्याच्या स्थितीत नसतो. विकराचं खरं काम त्याला कोरडं करणं. पाणी सोलून काढायचं आणि त्या बदल्यात सेरीन १५८सारख्या गटांचे मोजके हायड्रोजन बंध द्यायचे, म्हणजे तो थांबेल, पण तृप्त होणार नाही. समुद्री सॅलिनिस्पोरातलं साल-एल हे त्याचं भावंड क्लोराइडसाठी आहे. तिथं त्या सेरीनच्या जागी ग्लायसिन आहे, कारण क्लोराइड मोठा, त्याला जागा हवी. त्या क्लोरीनपासून पुढं सॅलिनोस्पोरामाइड-ए होतं. हा रेणू पेशीच्या प्रोटिअसोमला (प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राला) धरतो आणि मग आपला क्लोरीन सोडून देतो, त्यामुळे पकड कायमची होते. क्लोरीन नसलेला त्याचा भाऊ इतका घट्ट बसत नाही.

क्लोरीन असला की औषध चांगलंच होतं असं मात्र नाही. टेट्रासायक्लिन क्लोरीनशिवायही उत्तम चालतं. व्हॅन्कोमायसिनचे दोन क्लोरीन काढले तर मात्र त्याची धार कमी होते. रेणूरेणूचं वेगळं.

——

शिवारातून:

मी हळद-आलं करतो. रसायनातलं सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण लायसिनची गोष्ट कळली. मला एवढं सांगा ताई, आम्ही जी स्युडोमोनासची पुडी आणतो, तिच्यात हे प्रिन-ए असतंच का? आणि पायरोलनायट्रिन एवढं चांगलं असेल तर तेच बाटलीत भरून का विकत नाहीत?

——

केशरमाती:

दादा, दुसऱ्याचं उत्तर आधी. पायरोलनायट्रिन उन्हात टिकत नाही, प्रकाशानं मोडतं. म्हणून कंपन्यांनी त्याचा सांगाडा घेऊन प्रकाशात टिकणारे भाऊ बनवले. बियाणं प्रक्रियेत वापरतात ते फ्लुडिओक्सोनिल त्यातलंच. त्यात क्लोरीन नाही, दोन फ्लोरीन आहेत. जिवाणू मात्र मातीखाली, मुळाशी, अंधारात ते ताजं बनवत राहतो, म्हणून त्याला अडचण येत नाही.

पहिल्याचं उत्तर, असतंच असं नाही. स्युडोमोनासचे वाण अनेक, आणि सगळ्यांत ही चार जनुकं नसतात. काही वाण दुसरीच द्रव्यं बनवतात. त्यातलं पायोल्युटिओरिन तर दोन क्लोरीनवालं, त्याच्यासाठी वेगळं फ्लेविन हॅलोजनेझ असतं. कंदकुजीमागेही एकच बुरशी नसते. पायरोलनायट्रिनचा जोर रायझोक्टोनियासारख्यांवर चांगला चालतो, सगळ्यांवर सारखा चालत नाही. त्यामुळे पुडी घातली म्हणजे वाफ्यातलं पाणी काढायची गरज नाही असं कधीच समजू नका. पाणी आधी काढा.

वाण ओळखायला प्रयोगशाळेत प्रिन-डीचं जनुक पीसीआरनं (डीएनएच्या प्रती वाढवून) शोधतात. एक ढोबळ चाचणी कुठल्याही कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. बटाट्याच्या अगारावर मध्यभागी बुरशीचा तुकडा ठेवायचा, एका कडेला तुमच्या पुडीतल्या जिवाणूची रेघ ओढायची आणि चार-पाच दिवस थांबायचं. मी बाबांच्या पुडीवर हे केलं होतं. बुरशी तीन बाजूंनी कडेपर्यंत गेली, आणि रेघेच्या बाजूला बोटभर अंतरावर थांबली. कड सरळ कापल्यासारखी. तिथं नेमकं कुठलं द्रव्य होतं ते नुसत्या बशीवरून सांगता येत नाही, म्हणून पुढं पीसीआर केला. प्रिन-डीची पट्टी आली.

तुम्ही पुडी आणाल तेव्हा तिच्यावरचा वाणाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख बघून इथं लिहा. मुदत गेलेल्या पुडीत जिवंत जिवाणू फारसे उरत नाहीत.

——

शिवारातून:

क्रमांक उद्या बघून टाकतो. मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे, ते आत्ताच पाहिलं.